गढूळ पाणी, स्वस्त मासा

१३ फेब्रुवारी २०२४. पालघर जिल्ह्यातल्या मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत उतरलेल्या एका तरुणावर शार्कने हल्ला केला. तरुण वाचला, पण पायाला जबर इजा झाली. मासा बुल शार्क जातीचा असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की समुद्र सोडून हा मासा खाडीत इतक्या आत आलाच कसा?

जीवशास्त्राच्या अभ्यासकांना त्यात फारसं नवल नव्हतं. बहुतेक शार्क गोड्या पाण्यात टिकत नाहीत, कारण त्यांच्या शरीरात युरिया आणि क्षार भरपूर असतात आणि गोड्या पाण्यात हा हिशेब कोलमडतो. बुल शार्क मात्र मूत्रपिंडांच्या जोरावर तो सांभाळतो. त्यामुळे आफ्रिकेतल्या झांबेझीसारख्या नद्यांत तो खूप वरपर्यंत जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला, त्याआधी मनोरही ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे जुन्या नकाशाप्रमाणे पाहिलं तर हॉलिवूडने पन्नास वर्षं विकलेला प्रसंग ठाण्याच्याच हद्दीत घडला. जगभरात वर्षाकाठी शार्कने माणसांना विनाकारण चावल्याच्या साठ-सत्तर घटना नोंदल्या जातात आणि त्यांतल्या मोजक्याच जिवावर बेततात. हे लक्षात घेतलं तर हा योग किती दुर्मीळ होता ते कळतं.

पण हॉलिवूडने हा प्रसंग असा घडू दिला नसता. पडद्यावरचा शार्क बहुतेक वेळा ग्रेट व्हाइट असतो, पाणी निळंशार असतं आणि पोहणारे सुट्टीवर आलेले असतात. वैतरणेच्या, उल्हासच्या किंवा ठाण्याच्या खाडीचं पाणी चहाच्या रंगाचं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर स्वतःची पावलं दिसत नाहीत. निर्मात्याला ही अडचण वाटेल. खरं तर कमी पैशांत शार्कपट करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठी देणगी नाही. हे समजायला आधी एका महागड्या चित्रपटाकडे जावं लागतं, कारण स्वस्त शार्कपटांची सगळी विद्या तिथूनच आली, आणि तीही अपघाताने.

स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज्’ २० जून १९७५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. चित्रीकरण ५५ दिवसांत उरकायचं ठरलं होतं, त्याला १५९ दिवस लागले. खर्च सुमारे ४० लाख डॉलरवरून ९० लाखांच्या घरात गेला. दिग्दर्शक सत्ताविशीतला. यांत्रिक शार्कच्या तीन प्रती बनवल्या होत्या आणि स्पीलबर्गच्या वकिलाच्या नावावरून त्यांना ‘ब्रूस’ म्हणत. गोड्या पाण्यात चाचणी झालेला ब्रूस मार्थाज् व्हिनयार्ड बेटाजवळच्या खाऱ्या पाण्यात उतरला आणि बंद पडू लागला. मिठाने यंत्र गंजलं. सगळं युनिट होड्यांवर हात बांधून बसलं.

मग मासा नसताना मासा दाखवायची वेळ आली. पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे जाणारा कॅमेरा हाच शार्क झाला. भाल्याला बांधलेली पिवळी पिंपं पाण्यावरून सरकू लागली की प्रेक्षकाने खाली काय आहे ते स्वतःच ओळखायचं. शार्क नीट, समोरासमोर दिसतो तो चित्रपट सुरू होऊन ८० मिनिटं उलटल्यावर, तेही १२४ मिनिटांच्या चित्रपटात. तोवर त्याचं काम केलं जॉन विल्यम्सच्या दोन स्वरांनी. त्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि त्याला खेटलेला कोमल रिषभ. भैरवात हीच जोडी आंदोलन घेत पहाटेची शांतता उभी करते. विल्यम्सने ती खर्जात, लयीत आणि सतत वाढत्या वेगाने वाजवली. चित्रपटाला मिळालेली ऑस्करही बोलकी आहेत. संकलन, संगीत आणि ध्वनी या तिघांना ती मिळाली. माशाला काही मिळालं नाही.

‘जॉज्’मधला एक किस्सा या प्रकरणाचा गाभाच आहे. चित्रपट जवळजवळ पुरा झाल्यावर स्पीलबर्गला आणखी एक किंकाळी हवी होती. बुडालेल्या होडीच्या भोकातून मेलेल्या कोळ्याचं डोकं अचानक बाहेर येतं, तो प्रसंग. स्टुडिओ पैसे देईना, म्हणून त्याने स्वतःचे सुमारे तीन हजार डॉलर घातले आणि संकलक व्हर्ना फील्ड्स हिच्या घरच्या तरणतलावात तो चित्रित केला. तलावाचं पाणी स्वच्छ, समुद्राचं गढूळ. मग तलावात दुधाची पावडर ओतली. चित्रपटात प्रेक्षक सर्वांत जोरात दचकतात त्या जागांपैकी ही एक, आणि तिची सामग्री काय? एक रबरी डोकं आणि दुधाळ पाणी.

हे बाकीच्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. रॉजर कॉर्मन हा स्वस्त चित्रपटांचा अमेरिकन बादशहा. त्याच्या कंपनीने १९७८ मध्ये जो दांतेकडून ‘पिरान्हा’ करून घेतला. शार्क परवडत नाही तर लहान मासे घ्या, दात तेवढेच आणि रबर कमी. इटलीत एन्झो कास्तेलारीने १९८१ मध्ये ‘जॉज्’ची इतकी बिनधास्त नक्कल केली की युनिव्हर्सल कंपनीने अमेरिकेत न्यायालयात जाऊन ती थांबवली. खुद्द ‘जॉज्’च्या मालिकेची गत बघा. चौथा भाग, ‘जॉज् : द रिव्हेंज’, १९८७ मध्ये आला. पैसा भरपूर, मायकेल केनसारखा नट, आणि मासा मनसोक्त दाखवलेला. त्यात शार्क पाण्याबाहेर येऊन डरकाळी फोडतो. शार्कला स्वरयंत्र नसतं हा मुद्दा बाजूला ठेवला, तरी डरकाळीने भीती वाढत नाही, हे पहिल्या भागाच्या निर्मात्यांना ठाऊक होतं आणि चौथ्याच्या निर्मात्यांना नव्हतं.

कमी पैशांच्या शार्कपटाचं सर्वांत चोख उदाहरण म्हणजे ‘ओपन वॉटर’ (२००३). ख्रिस केंटिस आणि लॉरा लाऊ हे नवरा-बायको, दोघांनाही स्कूबा डायव्हिंगचा नाद. जोडीला दोन अपरिचित नट, साधे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे आणि जेमतेम सव्वा लाख डॉलर. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गाठून त्यांनी तो चित्रित केला. कथेचं बीज १९९८ मधल्या ऑस्ट्रेलियातल्या एका खऱ्या घटनेत आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर डुबकी मारायला गेलेलं एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहून गेलं, कारण होडीवरच्यांनी परतताना माणसं चुकीची मोजली. ते जोडपं पुन्हा सापडलं नाही.

चित्रपटात शार्क खरे आहेत. बहामाजमध्ये टूना माशाचे तुकडे टाकून रीफ शार्कना जवळ बोलावलं आणि नटांना पोशाखाच्या आत लोखंडी जाळीचं चिलखत घालून त्यांच्यात सोडलं. पण घाबरवतं ते वेगळंच. कॅमेरा जवळजवळ सतत पाण्याच्या पातळीवर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग हाच पडदा होतो. वर आकाश, खाली काय ते माहीत नाही. मधूनच एक पर दिसतो, पाय काहीतरी घासून जातं, बास. दोघांची भांडणं मात्र तपशीलवार आहेत. सुट्टीची कल्पना कुणाची, कामातून वेळ कुणाला मिळत नव्हता, आता दोष कुणाचा. कुठल्याही मध्यमवर्गीय घरातलं हे भांडण फक्त बुडता बुडता चाललेलं आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी असलेली चूक किती क्षुल्लक! शाळेची सहल निघताना बसमध्ये बाई डोकी मोजतात, दोन मुलं उठून जागा बदलतात आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात; बाईंनी पुन्हा मोजलं नसतं तर काय झालं असतं, त्याचा हा चित्रपट आहे. शार्क नंतर येतात. भीती पाटीवरच्या एका चुकीच्या आकड्यातून सुरू होते आणि आकडा दाखवायला पैसे लागत नाहीत. २००४ च्या सनडान्स महोत्सवात लायन्सगेटने हा चित्रपट २५ लाख डॉलरला घेतला आणि जगभरात त्याने सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळवले.

ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू ट्रॉकीने २०१० मध्ये ‘द रीफ’ करताना हाच मार्ग थोडा पुढे नेला. खऱ्या ग्रेट व्हाइटचं चित्रीकरण वेगळं, नटांचं वेगळं आणि दोघांची गाठ संकलनाच्या टेबलावर. कल्पना जुनीच होती. ‘जॉज्’साठी रॉन आणि व्हॅलरी टेलर या जोडप्याने ऑस्ट्रेलियात खऱ्या शार्कचं चित्रीकरण केलं, तेव्हा मासा मोठा वाटावा म्हणून लहानसा पिंजरा आणि अगदी बुटका डुबकीवाला वापरला होता. एकदा पिंजरा रिकामा असताना शार्क त्याच्या दोऱ्यांत अडकला आणि त्याने अक्षरशः धिंगाणा घातला. दृश्य इतकं जबरदस्त होतं की ते वापरण्यासाठी पटकथाच बदलली गेली. कादंबरीत मरणारा संशोधक हूपर चित्रपटात वाचला, तो या रिकाम्या पिंजऱ्यामुळे.

जोहानेस रॉबर्ट्सच्या ‘४७ मीटर्स डाउन’चा खर्च पन्नास लाख डॉलरच्या आसपास होता. हॉलिवूडच्या मानाने तो चिल्लरच. कथा मेक्सिकोच्या समुद्रात घडते, पाण्याखालचं चित्रीकरण इंग्लंडमधल्या टाकीत झालं. पुन्हा तीच अडचण, टाकीतलं पाणी फार स्वच्छ. मग त्यात ब्रोकोली बारीक करून सोडली. समुद्रात तरंगणाऱ्या कणांसारखे तिचे कण दिव्याच्या झोतात चमकू लागले आणि झोतापलीकडे काळोख उरला. २०१६ मध्ये हा चित्रपट थेट डीव्हीडीवर यायचा होता, तबकड्याही तयार होत्या. ऐनवेळी दुसऱ्या कंपनीने तो विकत घेऊन २०१७ च्या जूनमध्ये थिएटरात लावला आणि सहा कोटी डॉलरच्या वर धंदा झाला. दुधाची पावडर असो की ब्रोकोली, पाणी मुद्दाम घाण करायला लागणारा खर्च हा शार्कपटातला सर्वांत शहाणा खर्च दिसतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या चित्रसृष्टीनेही शार्कपट केला आणि त्यात तारे होते. ‘आतंक’ नावाचा हा हिंदी चित्रपट प्रेम ललवाणी आणि देश मुखर्जी यांच्या नावावर आहे. धर्मेंद्र, हेमा मालिनी, विनोद मेहरा, अमजद खान. सुरुवात झाली ऐंशीच्या दशकात आणि पडदा पाहायला १९९६ उजाडलं. तोपर्यंत विनोद मेहरा (१९९०) आणि अमजद खान (१९९२) दोघेही हे जग सोडून गेले होते. इतकी वर्षं डब्यात अडकलेल्या चित्रपटात नायकाचं वय एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना बदलत असेल तर त्याचा दोष कुणाला द्यायचा?

कथा किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीची आहे. जेसू आणि पीटर हे जिवलग मित्र, काळ्या मोत्यांवर डोळा ठेवणारा अल्फोन्सो नावाचा डॉन, आणि मोती काढायला पाण्यात उतरणाऱ्यांना गिळणारा अवाढव्य शार्क. कागदावर हे ‘जॉज्’पेक्षा आपलं वाटतं. अमेरिकन प्रेक्षकासाठी समुद्र म्हणजे सुट्टी असते, कोळ्यासाठी तो पोट असतो. किनाऱ्यावर मासा आला म्हणून ‘जॉज्’मध्ये हॉटेलांचा हंगाम बुडतो, इथे रोजची चूल विझते. या फरकावर एक फार चांगला चित्रपट उभा राहू शकला असता. पण मसालापटाला गाणी हवीत, डॉन हवा, मारामारी हवी. शार्क येईपर्यंतचा वेळ ‘जॉज्’ने पाण्याने भरला, ‘आतंक’ने तो गुंडांनी भरला. म्हणून मासा येतो तेव्हा प्रेक्षक समुद्राला घाबरलेला नसतो. आणि आल्यावर तो लख्ख उजेडात, रबराच्या सगळ्या सुरकुत्यांसकट, नको तितका वेळ समोर राहतो. गरिबी लपवायची तिथेच ती उघडी पडते. युट्यूबवर या चित्रपटाचे तुकडे लोक आजही हसायला म्हणून बघतात, हा त्याचा दुसरा जन्म.

त्याच काळात मराठीत एका बाहुल्याने ही परीक्षा सहज पार केली. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ १९९३ चा. खुनी माणसाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटावरून आली, हे उघडच आहे. पण तात्या विंचू हा बाहुला घडवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. ज्यांच्या घरात वडील य. के. पाध्ये यांच्यापासून अर्धवटराव हा बोलका बाहुला नांदत होता, त्यांना बाहुल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे पक्कं ठाऊक होतं. बोलक्या बाहुल्याला मान, डोळे, ओठ हलवता येतात. धावणं-उड्या मारणं त्याला जमत नाही. मग बोलणं दाखवायचं आणि धावणं सुचवायचं. दिलीप प्रभावळकरांच्या आवाजाने उरलेलं काम केलं. समोर लक्ष्मीकांत बेर्डे होता आणि तो मनापासून घाबरत होता. हे फार महत्त्वाचं आहे. रबराचा मासा असो वा लाकडाचा बाहुला, प्रेक्षक आधी नटाचा चेहरा बघतो आणि मग ठरवतो की समोरच्या वस्तूला भ्यायचं की नाही. बेर्डेसारखा विनोदी नट जेव्हा खरोखर घाबरतो तेव्हा हसू आणि भीती एकाच श्वासात येतात. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी त्या बाहुल्यामुळे रात्री कपाटाकडे पाठ करून झोपली नाही. ‘आतंक’च्या शार्कला हे जमलं नाही.

रामसे बंधूंचंही नाव इथे घ्यायला हवं. त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला जेमतेम चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांच्या आसपास झाला, घरचीच माणसं कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन वाटून घेत होती. धुकं महाबळेश्वरचं, फुकटचं. धुकं म्हणजे जमिनीवरचं गढूळ पाणीच.

शार्कपटांची दुसरी शाखा याच्या उलट दिशेने गेली. तिने काही लपवायचंच नाही असं ठरवलं. लॉस एंजेलिसजवळची ‘द असायलम’ ही १९९७ मध्ये सुरू झालेली कंपनी मोठ्या चित्रपटांच्या स्वस्त नकला काढण्यात तरबेज. २००९ मध्ये तिच्या ‘मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस’ची झलक आली. त्यात समुद्रातला शार्क उसळून आकाशातल्या प्रवासी विमानाचा घास घेतो. लाखो लोकांनी ते एक दृश्य पाहिलं, चित्रपट किती जणांनी पाहिला ही गोष्ट वेगळी. ११ जुलै २०१३ रोजी सायफाय वाहिनीवर त्याच कंपनीचा ‘शार्कनेडो’ आला. चक्रीवादळ समुद्रातले शार्क उचलून लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर फेकतं, एवढीच कथा. चित्रीकरण १८ दिवसांचं. नावाचा उगम तर त्याहून गंमतीचा. आधीच्या एका चित्रपटात एका पात्राने ‘शार्कनेडो’ हा शब्द जाता जाता उच्चारला होता, त्यावरून चित्रपट झाला. २०१८ पर्यंत त्याचे सहा भाग निघाले.

‘शार्कनेडो’ चालला कारण नट हसत नाहीत. नायक इयान झीअरिंग चालू करवत हातात घेऊन पडणाऱ्या शार्कच्या जबड्यात शिरतो तेव्हा त्याचा चेहरा बायपास शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखा गंभीर असतो. पुढच्या भागांत पाहुणे कलाकार येऊन डोळे मिचकावू लागले, आपण किती वाईट चित्रपट करतो आहोत हे आपल्याला कळतंय असं दाखवू लागले, आणि गंमत ओसरली. मुद्दाम वाईट केलेला चित्रपट क्वचितच मजेदार होतो. प्रामाणिकपणे केलेला वाईट चित्रपट होऊ शकतो. मालेगावच्या शेख नासिर आणि मंडळींनी ‘मालेगाव के शोले’ व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला तेव्हा त्यांना विडंबन करायचं होतं, पण तुच्छतेचा लवलेश नव्हता. ‘शोले’वर त्यांचं खरं प्रेम होतं. सायकली आणि यंत्रमागांच्या गावात घोड्यांवरचे डाकू जसे जमतील तसे त्यांनी उभे केले. फैझा अहमद खानच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ही माणसं सुपरमॅनला उडवण्यासाठी काय काय खटपट करतात ते पाहताना प्रेक्षक हसतो, पण त्यांच्या बाजूने हसतो.

डोंबिवलीकराला तर आकाशातून शार्क पडण्याचं फार आश्चर्य वाटू नये. जानेवारी २०१४ मध्ये तिथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी होती आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनाने गुलाबी झाला. तो पाहायला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः आले होते. ‘पिरान्हा’पासून कितीतरी चित्रपटांत मासे बिथरतात ते माणसाच्या प्रयोगांनी नाहीतर कारखान्याच्या सांडपाण्याने. असायलमच्या पटकथाकाराला डोंबिवलीत एक आठवडा ठेवलं तर तो तीन भागांची मालिका लिहून परत जाईल.

मग ठाणे-कल्याणच्या कुणी खरंच शार्कपट करायचा ठरवला तर? नटांची वाण नाही. ठाण्याचं गडकरी रंगायतन, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर या पट्ट्यात एकांकिकावाली पोरं ढिगाने आहेत. आयएनटी, सवाई, लोकांकिका अशा स्पर्धांसाठी मोजक्या मिनिटांत सेट लावायचा, एका स्पॉटमध्ये अख्खं जंगल उभं करायचं आणि जे परवडत नाही ते विंगेत ठेवून नटाला तिकडे बघायला लावायचं, हे त्यांना पहिल्या वर्षीच शिकवलं जातं. ‘जॉज्’च्या युनिटला जे यंत्र बंद पडल्यावर सुचलं, तो इथल्या तालमीतला रोजचा व्यवहार आहे. बॅकस्टेजला म्युझिक ऑपरेट करणाऱ्याची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तर किंकाळीवर हशा येतो, हेही त्यांना चांगलं माहीत असतं.

आणि जागा तर तयारच आहे. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याचा गणेश घाट, डोंबिवलीचं मोठागाव, पुढे घोडबंदरकडे वळणारी उल्हासची खाडी. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर ज्या पाण्यात मराठी आरमाराची पहिली जहाजं उतरली, तेच हे पाणी. चित्रपटाच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक गढूळपणा, ज्यासाठी स्पीलबर्गला दूध आणि रॉबर्ट्सला ब्रोकोली लागली. दुसरी भरती-ओहोटी. ‘द शॅलोज’ (२०१६) या चित्रपटात ब्लेक लाइव्हली किनाऱ्यापासून काही अंतरावरच्या एका खडकावर अडकते आणि भरती आली की खडक बुडणार, एवढ्यावर सगळा ताण उभा आहे. मुंबईच्या आसपास उधाणाच्या वेळी पाणी पाच मीटरच्या जवळ चढतं. ओहोटीला खाडीतली होडी गाळात रुतते, दोन्ही बाजूंना तिवरं, चालत जावं तर मांडीभर चिखल, आणि साधारण सहा तासांनी पाणी परत येणार. घड्याळ, तुरुंग आणि राक्षसाचा रस्ता एकाच गोष्टीत मिळतो. तिथिपत्रिका बघून चित्रीकरण लावावं लागेल, कारण भांगाच्या दिवसांत पाणी हवं तेवढं चढणार नाही. पण हे सांगायला कुठल्याही कोळीवाड्यात माणूस मिळेल.

खरे शार्क मात्र वापरता येणार नाहीत. ‘ओपन वॉटर’सारखं मासे बोलावून त्यांच्यात नट सोडणं भारतात जमणार नाही, कारण चित्रपटातल्या प्राण्यांसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. त्यात काही शार्कना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. देवमाशाएवढ्या व्हेल शार्कला ते २००१ पासून आहे. शिवाय बाकीच्या शार्कना भीती आपली आहे, आपल्याला त्यांची नाही. जगात दर वर्षी कोट्यवधी शार्क माणसाच्या जाळ्यात मरतात, आणि आपल्याकडे लहान शार्क म्हणजे मुशी, मालवणात मोरी, ताटात दिसते. बाजारात मुशी घेणाऱ्या बाईला ‘जॉज्’ दाखवला तर ती बहुधा तुकडे किती पडतील याचा अंदाज घेईल.

म्हणजे जवळून दाखवायचे दोन-तीन शॉट, कातडीचा खरखरीतपणा, कल्ल्यांच्या फटी, जबड्यातली दातांची ओळ, हे सगळं मासळी बाजारातून काही शे रुपयांत उभं राहू शकतं. शार्कची कातडी कानशीसारखी खरबरीत असते आणि कुठल्याही रबरापेक्षा दिव्याखाली चांगली दिसते. अडचण एकच. अंगातल्या ज्या युरियाच्या जोरावर शार्क खाऱ्या पाण्यात जगतो, त्याचा मेल्यावर अमोनिया होऊ लागतो. म्हणून तर मुशी शिजवण्याआधी हळद आणि चिंच किंवा कोकम लावून धुतात. फोकसच्या दिव्यांखाली तिला दुपारपर्यंत ठेवलं तर नायिकेला नाक मुठीत धरूनच घाबरावं लागेल. तेव्हा मुशीचे शॉट सकाळी पहिल्या तासातच उरकायचे आणि मग ती लगेच युनिटच्या आचाऱ्याकडे पाठवायची.